आधी भिंत, मग भिंत बघणारा

पाय जपून टाका. फरसबंदीच्या फटींत घोड्यांची लीद आहे आणि गल्लीत सगळेच धावताहेत. हे जर्मनीतलं येना, टेकड्यांच्या कुशीतलं विद्यापीठाचं छोटं गाव. 23 मे 1794, शुक्रवार. संध्याकाळचे सहा वाजत आलेत, तरी उजेड लख्ख आहे. गर्दी जाते तिकडेच चला. गावातल्या सर्वांत मोठ्या सभागृहात आज नवे प्राध्यापक बोलणार आहेत, योहान गोटलिब फिश्टे. वय 32. वडील खेड्यात रिबिनी विणायचे.

आत शिरून बघा बरं! दारातच कुणाचं तरी कोपर बरगडीत बसतं. बाकांवर पोरं, टेबलांवर पोरं, अंगणातही पोरंच. घामाचा, तंबाखूचा, बुटांच्या चामड्याचा वास नाकात भरतो. आतून आवाज येतो, पण शब्द काही कळत नाहीत. नाहीच जमत? मग इथेच डोळे मिटा आणि साडेचार वर्षं पुढे सरका.

आता हिवाळा आहे. बाकावर बूडभर जागा मिळाली, पण लाकूड असं गारठलंय की बसताच अंगावर काटा येतो. दमट लोकरी कोटांचा कुबट वास. शेजारी नॉर्वेत जन्मलेला पंचविशीचा तरुण आहे, हेन्रिक स्टेफन्स. आजचा प्रसंग पुढे तोच आठवणींत लिहून ठेवणार आहे, म्हणून तर आपल्याला इथे येता आलं.

फिश्टे येतात. ठेंगणे, भक्कम, चेहरा करारी, आवाजाला धार. म्हणतात, आधी स्वतःत या. बाक करकरतात. कुणी पाठ ताठ करतो, कुणी मान खाली घालून डोळे मिटतो. मग सांगतात, भिंतीचा विचार करा.

करा की. चुना, ओल धरलेला कोपरा, सुटलेला पोपडा. जमलं. सगळ्यांनाच जमलंय, चेहऱ्यांवरून कळतं. मग ते म्हणतात, आता भिंतीचा विचार ज्यानं केला, त्याचा विचार करा.

सभागृह गोंधळतं. तुम्ही मन मागे वळवता. कुणीतरी सापडतो, पण सापडताक्षणी तोही भिंतीसारखा समोर उभा! मग त्याला बघणारा कोण? पुन्हा वळता. त्याच्याही मागे आणखी एक. कानशिलं तापतात. घाबरू नका, शेजारच्याचंही तेच झालंय.

फिश्टेंचं म्हणणं असं, की आपली शोधायची रीतच चुकते. 'मी' ही कुठे ठेवलेली वस्तू नाही. ती कृती आहे. भिंतीवरचं मन तुम्ही स्वतःकडे वळवलंत ना, ते वळवणं म्हणजेच 'मी'. आधी 'मी' असतो आणि मग तो स्वतःला ओळखतो, असं नाही. ओळखण्यातच तो असतो. यासाठी त्यांनी एक खास शब्द वापरला, टाटहांडलुंग. 'वस्तुस्थिती'साठीच्या जर्मन शब्दाच्या धर्तीवर, पण त्यातल्या 'वस्तू'च्या जागी 'कृती' असलेला.

मराठी मनाला इथे लगेच 'कोऽहम्' आठवणार. आठवू द्या, पण दोन्ही एकच आहे म्हणून मोकळे होऊ नका. आपल्याकडचा साक्षी अलिप्त राहून पाहतो. फिश्टेंचा 'मी' स्वस्थ बसतच नाही. मला ही त्याची धडपड फार जवळची वाटते.

तास संपतो. बूट आपटत पोरं उठतात, उघड्या दारातून लाकडाचा धूर आत येतो. स्टेफन्स वळून हाक मारतो. तुम्ही म्हणता, "आलो!"

थांबा. काय म्हणालात? यात 'मी' कुठे आहे? वेगळा उच्चारलाच नाहीत. तो क्रियापदाच्या शेवटच्या ओकारात आहे. 'आले' म्हणाला असाल तर एकारात. जर्मनला तो सहसा सुटा बोलावा लागतो.

फिश्टे अजून कागद गोळा करताहेत. शाई ओली आहे. जा ना, त्यांना तो ओकार लिहून दाखवा.