वॉशिंग्टन यांची कवळी

समोरचे दांत गेले म्हणजे वाणी आणि मुद्रा दोन्ही ढळतात. ३० एप्रिल १७८९ रोजीं जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हां त्यांच्या मुखांत स्वतःचा एकच दांत उरला होता. त्याच वर्षीं दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनीं पाणघोड्याच्या सुळ्यांतून कवळी कोरून तींत मनुष्याचे दांत बसविले. कवळी लांकडी होती, ही निव्वळ दंतकथा होय. खरी आहे ती वॉशिंग्टन यांच्या जमाखर्चांतील मे १७८४ ची नोंद: एका फ्रेंच दंतवैद्याकरितां गुलामांकडून घेतलेले ९ दांत, ६ पौंड २ शिलिंग. ते कोणाच्या मुखांत बसले, हें वही सांगत नाहीं; ज्यांच्या मुखांतून निघाले, त्यांचीं नांवेंहि तींत नाहींत. नकार देण्याची मुभाच ज्यांना नव्हती, त्यांच्या विक्रीस विक्री म्हणावें काय?