पाटल्या, पीएफ आणि पहिलं घर

आमच्या डोंबिवलीत कुणी घर घेतलं की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. केवढ्याला घेतलं? आणि कर्ज किती काढलं? तिसरा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. उरलेले पैसे कुठून आणले? मला वाटतं, पहिलं घर घेणाऱ्यांना झालेल्या मदतीचा खरा इतिहास या तिसऱ्या प्रश्नात आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरकारी कागदांत सापडतात. तिसऱ्याचं उत्तर आयांच्या हातांकडे बघून कळतं.

थोडं मागे जाऊया. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. जो आधीच आत होता त्याचं भलं झालं. पण भाड्याने देण्यासाठी नवीन इमारत बांधण्यात कुणाला रस उरला नाही. पागडी बोकाळली. लग्न झालेल्या मुलाला चाळीतल्या त्याच खोलीत पडदा लावून संसार थाटावा लागला. तुमच्यापैकी कितीजणांच्या आजी-आजोबांची कथा हीच असेल! मग मालकी हक्काचे फ्लॅट आले, त्यातली फसवणूक आवरायला १९६३ चा ‘मोफा’ कायदा आला, आणि नोकरदार माणूस रेल्वेच्या रुळांसोबत ठाणे, डोंबिवली, कल्याण करत सरकू लागला.

पण पैसे? आज खोटं वाटेल, पण १९७७ पर्यंत साध्या माणसाला घरासाठी कर्ज द्यायला फारसं कुणी तयार नव्हतं. सरकारी नोकर असाल तर घरबांधणी अग्रिम मिळे. एलआयसीची पॉलिसी असेल तर तिथून काही निघे. पीएफमधून घरासाठी रक्कम काढता येई. सहकारी गृहनिर्माण संस्थांना त्यांच्या शिखर संस्थेकडून कर्ज मिळे, पण ते संस्थेला. बँकांच्या लेखी घर हा खर्च होता, उत्पादन नव्हे. आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेल्या हसमुखभाई पारेखांनी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी एचडीएफसी काढली ती १९७७ साली. पुढच्याच वर्षी पहिलं कर्ज गेलं ते मालाडला, म्हणजे उपनगरातच. (ही संस्था २०२३ साली स्वतःच्याच बँकेत विलीन झाली. आता तिचं नाव बँकेच्या पाटीवर.)

हसमुखभाईंचं श्रेय कमी करायचं नाही. पण हे कर्ज पगाराच्या पावतीवर मिळत असे. ज्याच्याकडे पावती नाही तो रांगेतही नसे. शिवाय ते मिळायचं करारनाम्यातल्या किमतीवर. जुन्या लोकांना ठाऊक आहे, किमतीचा एक भाग करारनाम्यात कधी यायचाच नाही. तो रोख द्यायचा, पिशवीतून. त्या पिशवीला जगातली कुठलीही संस्था कर्ज देणार नव्हती.

आता आमच्या घराचा हिशोब सांगते. बाबांच्या अक्षरातली ती वही अजून आमच्याकडे आहे. १९८४ साल, डोंबिवली पूर्व, दुसरा मजला, किंमत ७२ हजार. गृहकर्ज २५ हजार. पीएफमधून १५ हजार. ऑफिसच्या पतपेढीतून दोन जामीनदारांवर १० हजार. आत्याच्या यजमानांकडून ५ हजार. शिल्लक ५ हजार. आणि शेवटची ओळ, फक्त तीन अक्षरांत: ‘इतर’, १२ हजार.

हे ‘इतर’ म्हणजे आईच्या पाटल्या आणि एकदाणी. तोळ्याचा भाव तेव्हा दोन हजारांच्या आसपास होता, म्हणजे सहा तोळे सोनं सराफाकडे गेलं. पुढे दिवाळीच्या बोनसातून एक पाटली सुटली. बाकीचं व्याजात गेलं. शेअर सर्टिफिकेटवर नाव अर्थातच बाबांचं एकट्याचं. यात बाबांचा लबाडपणा मुळीच नव्हता. कर्ज त्यांच्या पगारावर होतं, पीएफ त्यांचा होता, आणि आमच्या मजल्यावरच्या चारही दारांवर पुरुषांचीच नावं होती. दुसरं काही कुणाला सुचलंच नसतं.

बाबा १९९६ साली गेले. नॉमिनेशनचा फॉर्म भरलेला नव्हता. मग आपल्याच पाटल्यांच्या घरावर नाव लागावं म्हणून आईने अर्ज केला, प्रतिज्ञापत्र केलं, आम्हा तिघा भावंडांच्या ना-हरकती जोडल्या, आणि सोसायटीच्या तीन मीटिंगा मागच्या खुर्चीत बसून काढल्या. सह्या करताना मला फार चमत्कारिक वाटलं होतं. आपण आईला काय म्हणून परवानगी देतोय?

असो. सरकारची मदत या काळात वाढत होती, पण ती आयकराच्या वाटेने. राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावरची वजावट तीस हजार होती. ती यशवंत सिन्हांनी १९९९ मध्ये पंचाहत्तर हजार, २००० मध्ये एक लाख आणि २००१ मध्ये दीड लाखावर नेली. २०१४ मध्ये ती दोन लाख झाली. १९९० च्या दशकात पंधरा टक्क्यांवर गेलेले व्याजदर २००३-०४ पर्यंत सात-आठवर आले होते, आणि डोंबिवलीची कल्याणशी असलेली शेवटची मोकळी जागाही भरून गेली. २०१३ मध्ये खास पहिलं घर घेणाऱ्यांसाठी ‘८० ईई’ आलं. मात्र या सगळ्याचा फायदा कर भरणाऱ्याला. जितका पगार जास्त, तितकी बचत जास्त. जो कर भरण्याइतकं कमवत नाही त्याला शून्य. आणि नव्या करप्रणालीत तर राहत्या घराची ही वजावट मिळतच नाही.

म्हणून मला २०१५ साल महत्त्वाचं वाटतं. त्या जूनमध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली. वार्षिक सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पहिल्या सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज-अनुदान, तेही एकदम मुद्दलात जमा. जास्तीत जास्त दोन लाख सदुसष्ट हजार. अट एक, कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. अट दोन, घरावर बाईचं नाव हवं, एकटीचं किंवा जोडीने.

ही दुसरी अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा सरकारी भाषेतलं एक गोड वाक्य म्हणून सोडून दिली होती. ती काय करते हे आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींमुळे कळलं. यजमान रिक्षा चालवतात. त्यांनी बदलापूरला खोली घेतली, नऊ लाखांचं कर्ज, वीस वर्षं. अनुदान यायला कित्येक महिने लागले. कर्ज देणाऱ्या संस्थेत त्या इतक्या खेपा घालत की तिथला शिपाई ओळखायला लागला. पण ते आलं तेव्हा आठ हजार चारशेचा हप्ता सहा हजारांच्या आत आला. दोन वर्षांनी दीर कर्जात बुडाला आणि ‘खोली विकून मोकळे होऊ’ असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे पुरुषांत ठरलं. करारनाम्यावर पहिलं नाव मावशींचं. त्यांनी सही केली नाही. दोन महिने घरात कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही. खोली आहे अजून.

अनुदानाचे ते दोन लाख सदुसष्ट हजार त्यांना विचारले तर अचूक आठवत नाहीत. सही आठवते.

ती योजना मार्च २०२२ मध्ये या गटासाठी बंद झाली. त्याआधी एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्राने फक्त बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट दिली. सोबत एक मजेशीर अट होती: पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. २०२३ मध्ये ती काढली, बरं झालं. अशा सवलतींमुळे कित्येक घरांवर बायकांची नावं निव्वळ एक टक्क्यासाठी लागली आहेत, हे मला दिसतं. व्यवहार नवराच करतो, बाई फक्त अंगठा टेकवायला रजिस्ट्रारकडे जाते. लागू देत! कागदावरचं नाव कधी उपयोगी पडेल ते त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं.

सप्टेंबर २०२४ पासून आवास योजनेचा दुसरा टप्पा चालू झाला. उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर पस्तीस लाखांपर्यंत, कर्ज पंचवीस लाखांपर्यंत. पहिल्या आठ लाखांवर चार टक्के अनुदान, जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. पस्तीस लाखांत डोंबिवलीच्या नव्या इमारतीत घर मिळवून दाखवा, मी पेढे वाटते. मर्यादेतलं घर नेहमी दोन-चार स्टेशनं पुढे असतं. पूर्वी ते डोंबिवलीला होतं, आता बदलापूरच्याही पलीकडे वांगणीला आहे.

माझी भाची आणि जावई तिथेच बघताहेत. चौतीस लाखांचा फ्लॅट. कर्ज पंचवीस धरलं तर खिशातले नऊ. मुद्रांक शुल्क बाईच्या नावाची सूट धरूनही दोन लाखांच्या आसपास, वर नोंदणीचे तीस हजार. म्हणजे अकरा लाखांच्या पुढे रक्कम पहिल्याच दिवशी हातात हवी. पतपेढीपासून आवास योजनेपर्यंत इतकं सगळं आलं, पण ही सुरुवातीची रक्कम भरायला शहरी नोकरदाराला स्वतःच्या पीएफखेरीज मदत करणारं फारसं काही मला या यादीत सापडत नाही. अनुदान हप्ता हलका करतं, दार उघडत नाही. त्या अकरा लाखांतले चार ती सोनं तारण ठेवून उभे करणार आहे. आता सराफाऐवजी बँक आहे, पावती मिळते, एवढा फरक. घर तिच्या एकटीच्या नावावर होणार आहे, आणि तिच्या हिशोबाच्या एक्सेलमध्ये सोन्याची ओळ ‘इतर’ म्हणून नाही, ‘माझं सोनं’ म्हणून आहे.