मुरगूड
कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील वेदगंगाकाठचे बाजारपेठेचे गाव. येथे नगरपरिषद आहे. निपाणी–राधानगरी रस्त्यावरच्या या गावाचा शिवार मुख्यतः उसाचा. गावाजवळच्या तलावाला कागलचे जहागीरदार, शाहू महाराजांचे धाकटे बंधू सर पिराजीराव घाटगे यांचे नाव आहे. गावात अंबाबाईचे मंदिर आणि सदाशिवराव मंडलिक महाविद्यालय आहे. मंडलिकांच्याच नावाच्या कुस्ती संकुलात मुलींनाही लाल मातीतून मॅटवर नेले जाते, आणि कुस्तीवेड्या जिल्ह्यातही ही बाब ठळक म्हणावी अशी.

परगावचा माणूस मात्र बहुधा मुरगूडवरून पुढे आदमापूरला जातो. भुदरगड तालुक्यातील या गावी धनगर संत बाळूमामा (१८९२–१९६६) यांची समाधी आहे. अमावास्येला तेथे पाय ठेवायला जागा नसते. कपाळी भंडारा, खांद्यावर घोंगडे, मुखी ‘बाळूमामाच्या नावानं चांगभलं’! देवस्थानाच्या मेंढ्यांचे कळप गावोगाव चरत फिरतात. त्यांचा तळ आपल्या रानात पडावा म्हणून शेतकरी आर्जव करतात; श्रद्धा आहेच, शिवाय लेंडीखतही मिळते. देवस्थान पाहायला आलेल्याने हे तळही पाहावेत.