पैलू आणि वजन : दख्खनच्या हिऱ्यांची पारख

‘पैलू पाडणे’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका मुरला आहे की त्याचे मूळ फारसीत आहे, याची आठवण राहत नाही. फारसीतील ‘पहलू’ म्हणजे बाजू, कूस. जवाहीर हा शब्द अरबीतून आला आणि कॅरेट हे युरोपीय मापही अरबी ‘कीरात’वरून रूढ झाले. बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूरसारख्या सीमाभागातील गावांत मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच बाजारात बोलली जाते. हे शब्द तिथे कुणालाच परके वाटत नाहीत. या शब्दांमागचा व्यवहार मात्र विस्मृतीत गेला आहे. हिरा घेणारा माणूस नेमके काय विकत घेत होता, वजन की आकार, हा त्या व्यवहारातील खरा प्रश्न होता.

हिऱ्यांच्या व्यापाराशी बीदरचा संबंध जुना आहे. बहमनी काळात, १४७० च्या आसपास, रशियन व्यापारी अफानासी निकितिन काही महिने बीदरला राहिला. हिरे रायचूरकडे मिळतात आणि ते दोन प्रकारचे असतात, अशी नोंद त्याने केली आहे. त्याने रशियन उच्चारात टिपलेली त्या प्रकारांची नावे अभ्यासक ‘जुनी खाण’ आणि ‘नवी खाण’ अशी लावतात. फारसीत ‘कान’ म्हणजे खाण, हे ठाऊक असलेल्यास तो अर्थ चटकन पटतो.

पैलूंविषयी सर्वांत मोलाची माहिती मिळते ती पुढे दोनशे वर्षांनी, फ्रेंच जवाहिऱ्या झाँ बाप्तिस्त ताव्हेर्निए याच्या प्रवासवर्णनात. विजापूरच्या राज्यातील ‘राओलकोंडा’ या खाणीवर तो गेला होता. गोवळकोंड्यापासून पाच दिवसांच्या वाटेवरचे हे ठिकाण म्हणजे आजच्या कर्नूल भागातील रामल्लकोटा, असे अभ्यासक मानतात. तेथील कारागिरांच्या चाकाची, तेलाची, हिऱ्याच्या भुकटीची त्याने बारकाईने नोंद केली. त्यातील एक निरीक्षण फार महत्त्वाचे आहे. खडा निर्दोष असेल तर कारागीर त्याला वरखाली चाकाचा नुसता स्पर्श करीत. वजन घटेल म्हणून आकार देण्याच्या फंदात पडत नसत. पण आत चीर, डाग किंवा काळा-तांबडा कण असेल, तर सगळ्या खड्यावर पैलू पाडून तो दोष झाकत.

याचा अर्थ असा की, आज ज्या पैलूंसाठी ग्राहक जास्त पैसे मोजतो, तेच पैलू त्या बाजारात संशयाचे कारण होते. म्हणूनच तेथील व्यापारी खडा रात्री पाहत. भिंतीतल्या कोनाड्यात दिवा ठेवून, खडा बोटांच्या चिमटीत धरून पाणी आणि रंग तपासला जाई. सौदा ठरे तो वस्त्राखाली, हाताची बोटे दाबून, एक शब्दही न बोलता. मराठवाड्यातील जनावरांच्या बाजारात दलालाने उपरण्याखाली बोटे धरलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ताव्हेर्निएचे हे वर्णन वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

यावरून भारतीयांना सममितीची जाण नव्हती, असा निष्कर्ष काही लेखक काढतात. तो बरोबर नाही. संस्कृत रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत उत्तम हिऱ्याचे लक्षण सहा टोके, आठ समान बाजू आणि बारा तीक्ष्ण धारा असे दिले आहे. हे वर्णन हिऱ्याच्या नैसर्गिक अष्टफलकाचेच आहे. सममिती हवी होती, पण ती खड्याने जन्मतःच आणलेली. माणसाने घासून आणलेल्या सममितीसाठी वजनाचा बळी देणे या परंपरेला मान्य नव्हते.

मोगल दरबारात हा संघर्ष उघड झाला. व्हेनिसचा कारागीर होर्तेन्सिओ बोर्जिओ याच्याकडे एक प्रचंड खडा सोपवण्यात आला. मीर जुमल्याने दरबाराला दिलेला हा हिरा ताव्हेर्निएच्या हिशेबाने मुळात सुमारे ७८७ कॅरेटचा होता. १६६५ मध्ये ताव्हेर्निएने तो पाहिला तेव्हा जेमतेम २८० कॅरेट उरला होता. कारागिराला मजुरी तर मिळाली नाहीच, उलट दहा हजार रुपये दंड झाला. त्याच्याजवळ अधिक असते तर तेही घेतले गेले असते, असे ताव्हेर्निए लिहितो.

युरोपात वारे उलट दिशेने वाहत होते. ताव्हेर्निएने भारतातून नेलेला निळा हिरा चौदाव्या लुईने १६६८ मध्ये घेतला. सुमारे ११५ कॅरेटचा तो खडा पितो या कारागिराने घासून सुमारे ६९ कॅरेटवर आणला आणि मागील बाजूला मध्यभागी सात पैलूंचे सूर्यासारखे फूल साधले. राजा स्वतःला सूर्य म्हणवीत होता. कोहिनूरचीही गत तीच झाली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात तो लोकांना निस्तेज वाटला. पुढच्या वर्षी अॅम्स्टरडॅमहून आलेल्या कारागिरांनी ३८ दिवस घासून तो सुमारे १९१ कॅरेटवरून १०५.६ कॅरेटवर आणला. जवळजवळ ४५ टक्के हिरा भुकटी होऊन गेला. ज्या प्रदेशाने तो जपला होता, त्याचे मत कुणी विचारले नाही.

या हट्टामागे प्रकाशाचे शास्त्र आहे, हे मान्य केले पाहिजे. हिऱ्यात शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आदळून पुन्हा वर यावा लागतो. समोरासमोरच्या पैलूंचे कोन जुळले नाहीत, तर एका बाजूने प्रकाश निसटतो आणि तिथे काळपट डाग दिसतो. मार्सेल तोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये हे कोन गणिताने मांडले. अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या प्रमाणपत्रावर सममितीची प्रत ‘एक्सलंट’ ते ‘पुअर’ अशा पाच पायऱ्यांत लिहिलेली असते.

उदगीर, बीदर किंवा हैदराबादच्या पेढीवर लग्नाची अंगठी घेणाऱ्याने तो रकाना वाचावाच. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून माथ्याचा सपाट पैलू मध्यावर आहे का, वरच्या व खालच्या पैलूंची टोके समोरासमोर येतात का, कंबर सगळीकडे सारखी जाड आहे का, हे पाहता येते. मात्र वरच्या दोन प्रतींतला फरक नुसत्या डोळ्याला सहसा दिसत नाही. त्यासाठी फार जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्याहून मोठा धोका जुनाच आहे. खडा पूर्ण एक कॅरेट भरावा म्हणून कंबर जाड आणि पोट खोल ठेवलेले हिरे आजही विकले जातात. ते वजनाला भरतात, पण वरून लहान दिसतात.

ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत ठाणाकुशनूर होते, त्याच्या सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, १८९१ मध्ये अलेक्झांडर जेकब या व्यापाऱ्याकडून हिरा घ्यायचे ठरवले. ४६ लाखांचा सौदा, २३ लाख आगाऊ, आणि मग कलकत्त्याच्या न्यायालयात खटला. गोवळकोंड्याच्या गादीवर बसलेल्या निजामाचा हा हिरा गोवळकोंड्याचा नव्हता. तो दक्षिण आफ्रिकेत सापडला होता आणि युरोपात ५८ पैलूंनी घडवला गेला होता. सुमारे १८४ कॅरेटचा हा सुघड हिरा पुढे मीर उस्मान अली खान कागद दाबायला वापरीत, असे सांगतात. १९९५ मध्ये भारत सरकारने निजामाचे दागिने २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यात तोही आला.