अडुळशाचे ओले पान आणि सुके पान : एका अल्कलॉइडाच्या शोधाचा इतिहास

जालना जिल्ह्यात परसाच्या कडेला वा मळ्याच्या कुंपणाला लावलेला अडुळसा सर्वांच्या परिचयाचा आहे. गुरे आणि शेळ्या त्याच्या पानास सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणास तो सोयीचा पडतो. दक्षिणेकडील भाषांत त्याचे जे नाव आहे त्याचा अर्थ 'शेळी ज्यास शिवत नाही ते' असा सांगितला जातो. १७५३ मध्ये लिनीअसने तेच देशी नाव उचलून या झुडपास 'जस्टिशिया अधाटोडा' अशी संज्ञा दिली. पुढे औषधशास्त्राच्या ग्रंथांतून मात्र 'अधाटोडा वासिका' हे नाव अधिक रूढ झाले, आणि त्यातील 'वासिका' हा अंश आपल्या संस्कृत 'वासा'वरून आला आहे. शेळीने टाकलेले हेच पान घरोघरी खोकल्यावर दिले जाते. त्या पानातील क्रियाशील द्रव्य कसे हाती आले, आणि ते कोणत्या पानातून हाती आले, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

'कोणत्या पानातून' हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु शार्ङ्गधरसंहितेत परिभाषा सांगताना गुळवेल, कुडा, शतावरी, अश्वगंधा इत्यादी काही वनस्पती सदैव ओल्याच वापराव्यात असा नियम दिला आहे, आणि त्या यादीत वासा आहे. इतर औषधी ओल्या घेतल्यास सुक्याच्या दुप्पट घ्याव्या लागतात; या वनस्पतींना तो दुपटीचा नियम लागू नाही, असेही तेथे म्हटले आहे. अडुळशाचे पान नुसते ठेचून रस फारसा सुटत नाही. म्हणून ते वाफवून वा पुटपाकाने शिजवून पिळण्याची वैद्यांची रीत आहे, आणि आपल्याकडील घरगुती औषधातही ती टिकून राहिली आहे. प्राचीन ग्रंथांत वाशाची ख्याती मुख्यतः रक्तपित्तावर, म्हणजे रक्तस्रावाच्या विकारांवर आहे. कास आणि श्वास त्याच्या जोडीने येतात.

पाश्चात्त्य पद्धतीने या औषधींची नोंद घेण्याचे काम पश्चिम भारतात मुंबईस सुरू झाले. डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ मध्ये मुंबईच्या औषधी द्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. विल्यम डायमॉक यांचा पश्चिम हिंदुस्थानातील वनस्पतिज औषधांवरील ग्रंथ थोड्याच वर्षांनी निघाला. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बसू यांच्यासह सिद्ध केलेला औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ कीर्तिकरांच्या निधनानंतर, १९१८ मध्ये बाहेर आला. जालना त्या काळी निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे जे सुप्रसिद्ध वर्णन छापले, त्याच्या सीमेबाहेर हा सारा प्रदेश राहिला. मराठवाड्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ वि. ना. नाईक यांनी १९९८ मध्ये दिला. नव्वद वर्षांची ही तफावत राजकीय नकाशाने निर्माण केली, वनस्पतींनी नव्हे.

पानांतून अल्कलॉइड काढण्याची विद्या तोवर युरोपात स्थिरावली होती. तंबाखूच्या पानातील निकोटीन १८२८ मध्ये आणि कोकाच्या पानातील कोकेन १८६० च्या सुमारास शुद्ध रूपात मिळाले होते. पानांचा अर्क आम्लयुक्त पाण्यात घ्यावयाचा, त्यात अमोनियासारखा अल्क घालून अल्कलॉइड मोकळे करावयाचे, आणि क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात ते उचलून घ्यावयाचे, हे या रीतीचे सार होय. उटकमंड येथे सरकारी सिंकोना खात्यात रसायनज्ञ असलेले डेव्हिड हूपर यांनी १८८८ मध्ये अडुळशाच्या पानांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यांना मिळालेल्या अल्कलॉइडास त्यांनी 'वासिसिन' हे नाव दिले, व ते पानात एका सेंद्रिय आम्लाशी संयुक्त असते असे मांडले. डायमॉक, वॉर्डन व हूपर या तिघांच्या 'फार्माकोग्राफिया इंडिका'मध्ये ही माहिती आली आहे. पान क्षुद्र जीवांस मारक आहे, हेही त्याच सुमारास नोंदले गेले. सतलजच्या खोऱ्यात भाताच्या खाचरांत ही पाने पसरतात, ती खताचे काम करतात आणि पाण्यातील तण मारतात, असे जॉर्ज वॉट यांनी लिहून ठेवले आहे. शेळीचा तिटकारा आणि शेतकऱ्याचा हा उपयोग यांत खोकल्याचा संबंध कोठेच नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हूपर यांच्यानंतर पस्तीसएक वर्षे विषय जवळजवळ जागीच राहिला. १९२४ मध्ये सेन व घोष यांनी वासिसिनचा स्फटिकरूपात अभ्यास प्रसिद्ध केला. लगेच कलकत्त्यास रामनाथ चोप्रा व घोष यांनी त्याच्या शारीरिक क्रियेची परीक्षा केली. १९३२ मध्ये घोष, कृष्ण, नारंग व राय यांनी रचनेविषयीचे काम मांडले. व्हिएन्ना येथील अर्न्स्ट श्पेट यांच्या प्रयोगशाळेत त्याच दशकात रचनेचा उलगडा पुरा झाला आणि एक अनपेक्षित ऐक्य निष्पन्न झाले : हरमल या अगदी निराळ्या कुळातील वनस्पतीतून मिळालेले पेगॅनिन आणि आपले वासिसिन हे एकच द्रव्य होय.

येथे इतिहास संपला असे वाटत असतानाच १९५९ मध्ये अमीन व मेहता यांनी 'नेचर' या नियतकालिकात त्याच पानातील दुसऱ्या अल्कलॉइडाची वार्ता दिली. हे 'वासिसिनोन' श्वासनलिका रुंदावते असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६३ मध्ये मेहता, नरवणे व देसाई यांनी त्याचा अधिक तपशील दिला. वासिसिनोन म्हणजे ऑक्सिजनचा संयोग होऊन बदललेले वासिसिन होय, आणि हा बदल हवेच्या संपर्कात आपोआपही घडतो. पान सुकविताना, साठविताना, अर्क आटविताना पहिल्या द्रव्याचा काही भाग दुसऱ्यात रूपांतरित होत जातो. म्हणजे प्रयोगशाळेच्या टेबलावर येणारे सुके पान आणि वैद्याच्या खलातील ओले पान हे रासायनिक दृष्ट्या सर्वस्वी एक नव्हेत. दोन्ही द्रव्यांच्या क्रियेविषयी पुढे जे परस्परविरोधी निष्कर्ष आले (वासिसिनोन वेगळ्या काढलेल्या स्नायूवर श्वासनलिका रुंदावते, पण जिवंत प्राण्यात आकुंचित करते, असेही आढळले) ते वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. यावरून शार्ङ्गधरास ऑक्सिडीकरण ठाऊक होते असे म्हणणे मात्र अप्रस्तुत होईल. त्याचा नियम अनुभवाचा आहे, व तेवढाच तो मोलाचा आहे. आमच्यातील काही अभ्यासक अशा ठिकाणी उत्साहाच्या भरात फार पुढे जातात.

वासिसिनच्या रचनेवरून जर्मनीत घडविलेले ब्रोमहेक्झिन १९६३ मध्ये बाजारात आले, आणि कफ पातळ करणारे औषध म्हणून ते जगभर पसरले. याहून गंभीर बाब जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत उघडकीस आली. तेथील कामाचा जो गोषवारा अटल यांनी १९८० मध्ये दिला, त्यात वासिसिन गर्भाशयाचे आकुंचन घडविते व गर्भपातही घडवू शकते असे दाखविले आहे. खेड्यात अडुळशाचा काढा निरुपद्रवी म्हणून कोणासही दिला जातो. गर्भवतीच्या बाबतीत तो समज धोक्याचा आहे, आणि आरोग्यसेविकांनी ही गोष्ट घरोघरी स्पष्ट सांगितली पाहिजे.

आपल्या विभागाचे विद्यार्थी जालना, बदनापूर, घनसावंगी या भागांतून परीक्षणासाठी पाने आणतात. नमुन्याच्या चिठ्ठीवर गावाचे नाव आणि तारीख ते लिहितातच. पान उन्हात सुकविले की सावलीत, किती दिवस साठविले, आणि अर्क काढण्यापूर्वी ते ओले होते की सुके, हेही त्याच चिठ्ठीवर यावे.