मुक्ताबाई साळवे यांचा निबंध (१८५५) आणि विद्यार्थ्यांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य

प्रस्तावना :
विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा बहुधा भारतीय राज्यघटनेतील कलम १९ पासून सुरू होते. तथापि शाळेत शिकणाऱ्या एका मुलीने समाजातील अत्यंत वादग्रस्त प्रश्नावर निर्भीडपणे लिहिल्याचे पुण्यातील उदाहरण राज्यघटनेच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचे आहे. प्रस्तुत लेखात त्या उदाहरणाच्या आधारे अशी अभिव्यक्ती कोणत्या परिस्थितीत शक्य होते, याचा विचार केला आहे.

निबंधाचा आशय :
जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि १८५० च्या दशकाच्या आरंभी महार-मांग मुलांसाठीही शाळा सुरू केल्या. तेथे सुमारे तीन वर्षे शिकलेल्या, मांग समाजातील मुक्ताबाई साळवे यांचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदय'च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. वेदांवर केवळ ब्राह्मणांचाच अधिकार असेल तर अस्पृश्यांचा धर्म कोणता, असा मूलगामी प्रश्न त्यांनी उपस्थित केला. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या अस्पृश्याचे शिर गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखे उडविले जाई, हे त्यांनी नोंदविले. छपराअभावी उघड्यावर होणाऱ्या बाळंतपणाचे दुःखही त्यांनी मांडले. अखेरीस स्वजनांना त्यांनी विद्येचा मार्ग सांगितला.

शाळा आणि मुद्रण :
हा निबंध लिहिला गेला तेव्हा पेशवाईचा अस्त होऊन अवघी ३७ वर्षे लोटली होती आणि शहरातील सनातनी वर्गाचा प्रभाव कायम होता. शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण व दगड फेकले जात. अशा शहरात विद्यार्थिनीच्या अनुभवाला ज्ञानाचे मोल देणारी शाळा आणि तो छापणारे नियतकालिक, या दोहोंमुळे हा निबंध टिकून राहिला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनचे पत्र होते व निबंधात इंग्रजी राज्याची प्रशंसा आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. राज्यकर्त्यांना तो अप्रिय वाटण्याचे कारण नव्हते. त्याचा रोख स्थानिक सामाजिक सत्तेवर होता.

याच शहरातील पुढील एक घटना तुलनेसाठी उपयुक्त ठरते. ऑक्टोबर १९०५ मध्ये विदेशी कापडाची होळी केल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना १० रुपये दंड होऊन वसतिगृहातून काढण्यात आले. प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे हे स्वतः बुद्धिवादी व समाजसुधारक होते. यावरून असे दिसते की, संस्थाचालकांचे पुरोगामित्व विद्यार्थ्याच्या मुक्त अभिव्यक्तीची हमी देतेच असे नाही. आपली शिस्त व राज्यसत्तेशी असलेले संबंध जपण्यासाठी संस्था अनेकदा विद्यार्थ्यालाच दूर करते.

समारोप :
स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाला कायद्याचा आधार मिळाला. केरळमधील तीन विद्यार्थ्यांनी धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गाण्यास नकार दिला. मात्र ते आदराने उभे राहत. त्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात घटनाबाह्य ठरविले. परंतु न्यायालयाचे संरक्षण विद्यार्थ्यावर कारवाई झाल्यानंतर मिळते. बोलण्याचे धैर्य त्याआधी वर्गातच यावे लागते. मुक्ताबाईंपाशी कोणताही घटनात्मक हक्क नव्हता, पण त्यांना लिहिते करणारी शाळा होती. आज हक्क आहे. मात्र ठरीव विषयांवर ठरीव उत्तरे लिहून घेणाऱ्या शिक्षणव्यवस्थेत त्याचा वापर करण्याची सवय विद्यार्थ्यांना लागत नाही. मुक्ताबाईंचे दुसरे लेखन आज उपलब्ध नाही. त्या काळी शाळेत बसलेल्या इतर मुलामुलींचे दुःख तर कागदावर उतरलेच नाही. म्हणूनच विद्यार्थ्याला स्वतःच्या अनुभवाविषयी लिहू देणे आणि त्याचे लेखन अप्रिय ठरले तरी त्याच्या पाठीशी उभे राहणे, ही शिक्षकाच्या कर्तव्याचीच बाब होय.