नाच्याची कुळकथा

दत्तजयंतीच्या दिवसांत दोंडाईच्याहून शहाद्याकडे निघालेल्या गाड्या सारंगखेड्यालाच रिकाम्या होतात. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, घोड्यांचा बाजार आणि रात्री तमाशाचे तंबू. गौळणीत मावशी येते. लुगडं नेसून पदर सावरणारा तो पुरुष असतो. त्याच्यावर शिट्ट्या पडतात, अचकटविचकट शेरे पडतात आणि एवढं चालायचंच, असं सगळे धरून चालतात. सत्ता आणि शृंगार यांची अशी सरमिसळ इतरत्रही आहे. इंग्रजीत पुरुषा-पुरुषांच्या शृंगाराच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत राजा आणि बंदिवान, मालक आणि गुलाम यांच्या जोड्या पुष्कळ. आपल्याकडचा बंदिवान शोधायचा तर तमाशाच्या फडावरच शोधावा लागतो.

उत्तर पेशवाईत फडावर बाई नव्हती, नाच्या पोऱ्या होता. राम जोशी, सगनभाऊ, होनाजी-बाळा यांच्या काळातल्या लावण्यांत विरहिणी बोलायची. त्या लावण्यांवर पायात चाळ बांधून थिरकणारा देह पोराचा, समोर बसलेले पुरुष, आणि पैसा त्यांच्या हातात. पोराच्या मनात काय होतं हे कुणी विचारलं नाही, कारण त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. या गोष्टीतली सत्ता इथून सुरू होते. ती प्रेमातून आलेली नाही, पोटातून आलेली आहे.

पुढे पवळा हिवरगावकर फडावर आली. तमाशात नाचणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. बाई आली तशी नाच्याकडे फक्त थट्टा उरली. मराठी सिनेमात गणपत पाटलांनी ही भूमिका इतकी जिवंत केली की लोकांनी तिलाच त्यांचा खरा स्वभाव मानलं. मोठा नट होता तो, आणि त्याच्या कलेची केवढी किंमत त्याला मोजावी लागली, याचं मला अजून वाईट वाटतं.

1978 साली आनंद यादवांची ‘नटरंग’ ही कादंबरी आली. गुणा कागलकर हा पिळदार शरीराचा गडी. त्याला वगात राजा व्हायचं असतं आणि फड उभा राहावा म्हणून नाच्या व्हावं लागतं. तिच्यावरच्या 2010 च्या चित्रपटात अतुल कुलकर्णींनी हा गुणा केला. त्याच्यावर सामूहिक बलात्कार होतो, आणि तो करणाऱ्यांना त्याची ओढ वगैरे काही नसते. हा बायकी आहे, याला खाली पाडता येतं, एवढंच त्यांना दाखवायचं असतं. कादंबरीनंतर दुसऱ्याच वर्षी, 1979 मध्ये, सतीश आळेकरांचं ‘बेगम बर्वे’ हे नाटक रंगभूमीवर आलं. तिथे संगीत नाटकातल्या स्त्रीभूमिकांच्या स्वप्नात जगणारे बर्वे आहेत आणि त्यांना धाकात ठेवणारा श्यामराव आहे.

याच दशकात जगात दुसरी एक वंशावळ तयार होत होती. 1972 साली अमेरिकेत कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ ही कादंबरी निघाली. तिच्यात नायक नायिकेवर बळजबरी करतो आणि शेवटी तेच प्रेम ठरतं. ती तुफान खपली आणि तो साचा रूढ झाला. पुढे पुरुष-पुरुष प्रणयकथांतही तो दिसू लागला. त्याच 1972 साली मेरी रेनॉल्ट यांनी ‘द पर्शियन बॉय’मध्ये सिकंदराचा प्रियकर बगोआस याला स्वतःची गोष्ट सांगू दिली. लहानपणी खच्ची करून विकलेला मुलगा तिथे स्वतः बोलतो. 1976 पासून जपानमध्ये केइको ताकेमिया यांची ‘काझे तो कि नो उता’ ही चित्रकथा येऊ लागली. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधली निवासी शाळा, घरातल्याच माणसाने छळलेला जिल्बेर, आणि त्याला जीव लावणारा सर्ज. छळ आणि माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ताकेमियांनी वाचकाला विसरू दिलं नाही.

दोघांनी ठरवून, एकमेकांना ओळखून खेळलेला वरचढपणाचा खेळ मला समजू शकतो. कथेत तो यावा, धीटपणे यावा. पण इतिहासाचा पोशाख चढवला म्हणून बळजबरी गोड होत नाही. यादवांनी ती गोड केली नाही, म्हणून ‘नटरंग’ मोठी.

कायद्याने मात्र हा फरक फार काळ पाहिलाच नाही. 1860 च्या दंडसंहितेतलं कलम 377 दोन पुरुषांची राजीखुशी आणि एकाने दुसऱ्यावर केलेली जबरदस्ती एकाच गुन्ह्यात मोजायचं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून सोडवले आणि जबरदस्ती मात्र गुन्हा ठेवली. संमती होती का, हा प्रश्न कायद्याने विचारला. मग 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात 377 सारखं कलमच नाही, आणि बलात्काराच्या कलम 63 मध्ये पीडित फक्त स्त्री आहे. गुणा कागलकर आज पोलीस ठाण्यात गेला, तर मारहाणीची फिर्याद देऊ शकेल, बलात्काराची नाही.